टेस्टर पेटला नाही, म्हणजे वीज नाही का?

ज्या गावात एका रेल्वे स्टेशनचे नावच ‘भिलाई पॉवर हाउस’ आहे, तिथे विजेची ओळख कोणाला वेगळी करून द्यावी लागत नाही. सेक्टरमधल्या क्वार्टरपासून बाजारातल्या दुकानापर्यंत जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एखाद्या ड्रॉवरमध्ये, फ्यूजच्या तारेच्या गुंडाळीशेजारी, एक टेस्टर पडलेला असतो. पंखा बंद पडला, प्लग गरम झाला, होल्डर सैल झाला की तो बाहेर निघतो. टेस्टर लावला, दिवा पेटला नाही, की “वीज नाही, लाव हात” असे कोणीतरी म्हणतो. या एका वाक्यावर विश्वास ठेवून अनेकांनी शॉक खाल्ला आहे, आणि काहींनी जीवही गमावला आहे.

कॅडेट मित्रांनो, हत्यार हाताळण्याच्या शिक्षणात तुम्हाला पहिल्या दिवशी काय सांगितले जाते ते आठवा. रायफल हातात आली की ती भरलेली आहे असेच समजायचे, आणि स्वतः तपासून खात्री करायची. “मघाशीच रिकामी केली होती” हे कोणाचे तोंडी उत्तर चालत नाही. विजेच्या तारेलाही हाच नियम लागू आहे. ती बंद आहे हे सिद्ध होईपर्यंत ती चालूच आहे. आता प्रश्न असा की सिद्ध कशाने करायचे? टेस्टरने म्हणावे, तर तो टेस्टर किती भरवशाचा आहे हे आधी समजून घ्यायला हवे.

टेस्टरच्या आत काय असते

नेहमीचा टेस्टर उघडून पाहिला तर आत चारच वस्तू दिसतात: पुढचे धातूचे टोक, एक रोधक म्हणजे रेझिस्टन्स, एक छोटा निऑनचा दिवा आणि मागे स्प्रिंग व धातूची टोपी. टोक तारेला लावायचे आणि बोट टोपीवर ठेवायचे. मग वीज टोकातून रोधकात, तिथून दिव्यात, दिव्यातून टोपीत, आणि टोपीतून आपल्या शरीरात शिरून जमिनीकडे जाते. म्हणजे टेस्टर पेटतो तेव्हा आपण स्वतः त्या सर्किटचा एक भाग झालेलो असतो.

तरीही शॉक का बसत नाही? कारण रोधक साधारण १० लाख ओहमचा असतो. आपल्या घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो; एवढ्या मोठ्या रोधकातून जाणारा प्रवाह एका मिलिअँपिअरच्या पाव भागापेक्षाही कमी राहतो. तो आपल्याला जाणवत नाही, पण निऑनला पेटायला पुरतो. आपला जीव आणि २३० व्होल्ट यांच्यामध्ये तो एक बारीक रोधकच उभा असतो. टेस्टर पाण्यात पडला, आत ओल शिरली, किंवा स्क्रू पिळता पिळता त्याचे प्लास्टिक तडकले, तर प्रवाहाला रोधक चुकवून जाण्याची वाट मिळू शकते. अशा वेळी तपासायला लावलेला टेस्टरच शॉक देतो. म्हणून टेस्टरचा पेचकस करू नये, आणि तडा गेलेला टेस्टर चिकटपट्टी लावून वापरू नये. तो फेकून द्यावा.

तार चालू असून टेस्टर का पेटत नाही

कारणे बरीच आहेत, आणि सगळी रोजच्या जगण्यातली आहेत.

पहिले कारण, टेस्टरच बिघडलेला असतो. दिवा फुटलेला, स्प्रिंग सैल किंवा गंजलेली, रोधक तुटलेला. बाहेरून पाहून हे काहीच कळत नाही.

दुसरे कारण, आपण उभे असतो ती जागा. कोरड्या लाकडी स्टुलावर, रबरी चपला किंवा जाड तळव्याचे बूट घालून उभे राहिले की शरीरातून जमिनीकडे जाणारी वाट जवळजवळ बंद होते. दिवा पेटतो, पण इतका मंद की दिसेल न दिसेल. गंमत अशी की सावध माणूस मुद्दाम चपला घालून स्टुलावर चढतो. त्याची ही सावधगिरी योग्यच आहे, पण त्याच वेळी ती टेस्टरला जवळजवळ आंधळे करते.

तिसरे कारण, उजेड. निऑनचा नारिंगी प्रकाश मुळातच मिणमिणता. मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर किंवा अंगणात टेस्टर लावला तर तो पेटला की नाही हे सांगणे अवघड. हाताने आडोसा केल्याशिवाय वाचू नये.

चौथे कारण, टेकण्यातली चूक. टोक गंजावर, रंगावर किंवा काजळीवर टेकले आहे, बोट टोपीवर नीट नाही, हातात मोजे आहेत.

पाचवे कारण, व्होल्टेज कमी असणे. निऑन पेटायला साधारण ६० ते ९० व्होल्ट लागतात. त्याखालचे व्होल्टेज त्याला दिसतच नाही, आणि ओल्या अंगाला तेवढेही घातक ठरू शकते.

सहावे कारण नवे आहे: सौर पॅनेल. छतावरच्या पॅनेलमधून येणारी वीज एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी असते. पॅनेल एकापाठोपाठ एक जोडले की व्होल्टेज कित्येक शे व्होल्टपर्यंत जाते. घरचा टेस्टर एसीसाठी केलेला. डीसीवर त्याचे उत्तर भरवशाचे नसते.

या सगळ्यांतून एकच गोष्ट निघते. टेस्टर पेटला, तर ती एक खबर असते. पेटला नाही, तर ती खबर नसते. कदाचित वीज नसेल, कदाचित टेस्टर बोलू शकत नसेल. दोन्ही वेळी आपल्याला दिसते ते एकच: न पेटलेला दिवा.

दोन्ही भोकांत पेटला तर

टेस्टरचा दुसरा घोटाळा याहून फसवा आहे. समजा एका खोलीत दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही. सॉकेटच्या एका भोकात टेस्टर पेटतो, तो फेज. दुसऱ्या भोकातही पेटतो! न्यूट्रलमध्ये कसा पेटला?

बहुतेक वेळा याचा अर्थ असा की मागे कुठेतरी न्यूट्रलची तार तुटली किंवा सुटली आहे. फेजची वीज चालू असलेल्या एखाद्या बल्बमधून किंवा फ्रिजमधून जाते आणि न्यूट्रलच्या तारेत येते. पण पुढे परतीची वाट नसल्याने तिथेच थांबून राहते. उपकरण चालत नाही, पण दोन्ही तारांवर धोका असतो. दोन वायर आणि एक बल्ब जोडून केलेला टेस्ट लॅम्प अशा ठिकाणी फेज आणि न्यूट्रलमध्ये लावला तर तो पेटणारच नाही. ज्याने फक्त लॅम्प पाहिला तो म्हणेल “वीज नाही”, आणि काळी वायर “न्यूट्रलच आहे” म्हणून उघड्या हाताने धरील. त्याचा हात अशा वेळी २३० व्होल्टवर असतो.

याचेच धाकटे भावंड म्हणजे चुकीच्या तारेत बसवलेला स्विच. स्विच नेहमी फेजच्या तारेत असला पाहिजे. तो न्यूट्रलमध्ये बसवला तरी दिवा बंद होतो, चालू होतो, सगळे ठीक दिसते. पण स्विच बंद असतानाही होल्डरमध्ये फेज तसाच राहतो. बल्ब बदलताना शॉक बसतो तो अनेकदा याच कारणाने. म्हणून बल्ब बदलतानाही नुसत्या स्विचवर भरवसा ठेवू नये. त्या सर्किटचा एमसीबी खाली करावा.

पेन आणि मीटर

तारेला न टेकवता, जवळ नेताच वाजणारे किंवा लाल होणारे पेन आता बाजारात सहज मिळते. ते तारेभोवतीचे विद्युत क्षेत्र ओळखते. चालू तार शोधायला ते सोयीचे आहे, पण तार बंद आहे हे सिद्ध करायला नाही. सेल उतरला तर ते गप्प. तार लोखंडी पाइपमधून किंवा धातूचे वेष्टन असलेल्या केबलमधून जात असेल तर ते गप्प. डीसीवर ते गप्प. उलट शेजारून दुसरी चालू तार जात असेल तर बंद तारेवरही ते वाजते.

मल्टिमीटर यापेक्षा बराच भरवशाचा, कारण तो माणसाच्या शरीराला सर्किटमध्ये न घेता दोन बिंदूंमधले व्होल्टेज मोजतो. पण त्याचीही पथ्ये आहेत. लाल लीड १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच सॉकेटमध्ये घातली, तर मीटर व्होल्टेज मोजत नाही, थेट शॉर्ट सर्किट करतो. ठिणगी उडून हात-चेहरा भाजण्याचा धोका इथे असतो. मीटरवर ‘कॅट’ असे लिहून पुढे आकडा असतो. घरातल्या सॉकेटला कॅट २, वितरण बोर्डाला कॅट ३ आणि मीटरच्या मागे बाहेरून येणाऱ्या लाइनला कॅट ४ लागते. बोर्डावर अचानक येणारा मोठा झटका मीटरने सहन करावा, यासाठी ही वर्गवारी आहे. लीडचे प्लास्टिक सोललेले असेल तर चांगला मीटरही वाईटच. ब्रिटनच्या सुरक्षा मार्गदर्शनात तर लीडच्या टोकाचा उघडा धातू ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा असे सांगितले आहे. एवढ्याशा उघड्या भागानेही दोन टर्मिनल चुकून एकमेकांना जोडली जाऊ शकतात, हे त्यामागचे कारण.

डिजिटल मीटरची आणखी एक खोड आहे. सुटी, कशालाच न जोडलेली तार चालू तारेच्या शेजारून लांबवर गेली असेल तर मीटर तिच्यावर ४०, ६०, कधी ९० व्होल्टही दाखवतो. चालू तारेच्या शेजारामुळे बंद तारेत उतरलेले हे व्होल्टेज असते. घरात ते बहुधा निरुपद्रवी असते. उच्च दाबाच्या लाइनशेजारी मात्र असेच उतरलेले व्होल्टेज माणसाला मारू शकते. ते कसे, ते पुढे पाहू.

किती वीज जीव घ्यायला पुरते

“अरे, एक झटका बसेल, काय होते!” असे म्हणणाऱ्यांसाठी काही आकडे. साधारण १ मिलिअँपिअरला मुंग्या येतात. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली तार सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या आसपास श्वास अडकू लागतो. ५० मिलिअँपिअर आणि त्यापुढे, प्रवाह काही क्षण टिकला तर हृदयाचे ठोके विस्कटतात. हृदय नुसते थरथरते, रक्त पुढे ढकलत नाही. ओल्या अंगाचा रोध १,००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० व्होल्टला १,००० ने भागा: २३० मिलिअँपिअर.

आता घरातला लहानात लहान एमसीबी पाहा. तो ६ अँपिअरचा, म्हणजे ६,००० मिलिअँपिअरचा. माणसातून २३० मिलिअँपिअर जात असताना एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तो वायरिंगला आगीपासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. माणसासाठी असते ते उपकरण म्हणजे आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह ते सतत तोलत असते. फरक ३० मिलिअँपिअर झाला की ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. माणूस किती प्रवाहापर्यंत तार सोडू शकतो याचे मोजमाप करणारे कॅलिफोर्नियाचे प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी १९६१ मध्ये अशाच तत्त्वाचे उपकरण बनवले.

पण आरसीसीबीलाही मर्यादा आहे. कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर गेलेला आणि परत आलेला प्रवाह सारखाच राहतो आणि उपकरण गप्प बसते. शिवाय त्याच्यावर ‘टेस्ट’ लिहिलेले बटण असते ते दाबून पाहण्यासाठीच. महिन्यातून एकदा ते दाबावे. पुरवठा तुटला नाही तर उपकरण फक्त शोभेचे आहे असे समजून लगेच बदलून घ्यावे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने झालेल्या मृत्यूंची देशभरातली संख्या १२ हजारांहून अधिक दिसते. म्हणजे रोज तीसहून जास्त माणसे.

चालू, बंद, चालू

मग काम करायचे कसे? जगभरचे जाणते वायरमन एक साधी पद्धत पाळतात. एक तपासणी नाही, तीन तपासण्या.

पहिली: जिथे वीज नक्की आहे अशा जागी टेस्टर किंवा मीटर लावा. तो चालतो हे पाहा.

दुसरी: ज्या सर्किटवर काम करायचे ते बंद करा आणि त्याच उपकरणाने कामाच्या जागी तपासा. मीटर असेल तर तीन वेळा: फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ. तुटलेल्या न्यूट्रलचा घोटाळा इथे पकडला जातो.

तिसरी: लगेच परत त्या पहिल्या, चालू जागी जा आणि उपकरण अजून चालते आहे हे पाहा.

तिसरी पायरी बहुतेक लोक गाळतात, पण मधल्या “बंद”ला अर्थ येतो तो तिच्यामुळेच. दोन्ही बाजूंनी टेस्टर बोलता होता हे कळले, तरच मधे तो गप्प राहिला याचा अर्थ वीज नव्हती असा होतो. सगळ्या घराचा मेन बंद केला तर चालू जागा कुठून आणायची, असे कोणी विचारील. शेजारच्या घरातला सॉकेट चालतो. आणि मेन बंद केला तरी मेनच्या आतल्या, बाहेरून येणाऱ्या बाजूला वीज असतेच, हे विसरून बोर्ड उघडायला जाऊ नये.

तपासल्यानंतर वीज बंदच राहील याची सोय करायची. “खाली कोणी तरी उभा राहा” ही सोय पुरेशी नाही. तो उभा राहिलेला मुलगा क्रिकेटचा स्कोअर बघायला निघून जातो. जुन्या पद्धतीचा फ्यूज असेल तर तो काढून स्वतःच्या खिशात ठेवावा. एमसीबी असेल तर बोर्डाच्या दाराला कुलूप लावावे, किल्ली काम करणाऱ्याकडे असावी, आणि दारावर ‘काम चालू आहे, स्विच लावू नका’ अशी चिठ्ठी मोठ्या अक्षरांत असावी. भिलाईत ती हिंदीतही लिहावी.

कारखान्यात आणि रुळांवर

भिलाईतल्या कॅडेटच्या घरी बहुधा कोणीतरी कारखान्यात असते. त्यांना विचारा, यंत्राला हात लावण्याआधी काय करतात? शटडाउन, परवाना, कुलूप, पाटी हे शब्द ऐकायला मिळतील. यंत्र बंद करणारा एक, परवाना देणारा दुसरा, काम करणारा तिसरा. आणि काम संपल्याची सही झाल्याशिवाय कोणी स्विच वर करत नाही. वीज वितरण कंपनीचे लाइनमनही परवाना घेतल्याशिवाय खांबावर चढू नयेत असाच नियम आहे.

ही कागदपत्रे कशासाठी, हे भिलाईला वेगळे सांगायला नको. १२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात पाण्याच्या पंपहाउसमध्ये ब्लास्ट फर्नेसचा विषारी वायू शिरला आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन वरिष्ठ अधिकारी होते. त्या वायूतला कार्बन मोनॉक्साइड डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. वीजही तशीच. जो धोका आपल्या इंद्रियांना कळत नाही, त्याच्याशी गाठ पडते तेव्हा अनुभव, पद किंवा धाडस कामाला येत नाही. तिथे चालते ते तपासलेले उपकरण आणि न गाळलेली पायरी.

आता ते शेजारून उतरणारे व्होल्टेज. भिलाईत तयार झालेले रूळ देशभर पसरले आहेत, आणि विद्युतीकरण झालेल्या मार्गांवर त्या रुळांच्या वर २५ हजार व्होल्टची तार असते. मुंबई-हावडा मार्गावर एका लाइनची वीज दुरुस्तीसाठी बंद केली, तरी शेजारच्या लाइनची तार चालू असू शकते. तिच्या शेजारामुळे बंद तारेतही धोकादायक व्होल्टेज तयार होते. स्विच बंद, परवाना हातात, तरी तार मारते. म्हणून रेल्वेचे कर्मचारी कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तार रुळांशी, म्हणजे जमिनीशी जोडतात आणि मगच हात लावतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक नियमही हेच सांगतात: तार हाताळण्याआधी तिच्यातला भार जमिनीत उतरवा, आणि काम चालू असताना ती पुन्हा चालू होणार नाही याची तजवीज करा.

सुटीत घरी जाताना उभ्या मालगाडीच्या डब्यावर चढून फोटो काढण्याचा मोह कोणाला झालाच, तर एवढे लक्षात ठेवावे: २५ हजार व्होल्टला स्पर्शाची गरज नसते. पुरेसे जवळ गेले की हवेतूनच ठिणगी अंगावर येते.

घरातल्या चार जागा

पालकांसाठी आणि सुटीत घरी जाणाऱ्या कॅडेटसाठी चार जागा सांगाव्याशा वाटतात.

कूलर. छत्तीसगड आणि विदर्भाचा उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. लोखंडी पेटी, आत पाणी, पाण्यात पंप, बाहेर ओली फरशी आणि अनवाणी पाय. पंपाचे इन्सुलेशन खराब झाले की सगळी पेटी चालू होते. पाणी भरताना किंवा ताट्या बदलताना स्विच बंद करणे पुरेसे नाही. प्लग ओढून काढावा, कारण काढलेला प्लग डोळ्यांना दिसतो. प्लग तीन पिनांचाच असावा, अर्थची तार खरोखर जोडलेली असावी, आणि कूलरचे सर्किट आरसीसीबीमधून जावे. दोन पिनांच्या प्लगमध्ये अर्थला जागाच नसते.

इन्व्हर्टर. मेन बंद केला, तरी इन्व्हर्टर आपले काम प्रामाणिकपणे करतो आणि काही वायरमध्ये २३० व्होल्ट सोडतो. काम करण्याआधी तोही बंद करावा. जनरेटर भाड्याने आणला तर तो सॉकेटमध्ये उलटा जोडून घराला वीज देण्याचा उद्योग करू नये. ती वीज मीटरमधून मागे रस्त्यावर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढते आणि बंद लाइनवर काम करणाऱ्या लाइनमनला गाठते.

सौर पॅनेल. ऊन असेपर्यंत पॅनेल वीज बनवतच राहते. त्याला बंद करण्याचा स्विच नाही. गच्चीवर पॅनेलजवळच्या सुटलेल्या वायरला हात लावू नये, ज्यांनी बसवले त्यांना बोलवावे.

मांडव. गणेशोत्सवात भर पावसात लोखंडी पाइप आणि रोषणाईच्या माळा एकत्र येतात. पिळून टेप गुंडाळलेले जोड चिखलात पडतात. मांडवाची वायरिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी, पाइपला अर्थ द्यावा, आणि सगळी जोडणी एका आरसीसीबीमागे घ्यावी. वर्गणीतला हा खर्च आरतीच्या ताटाइतकाच आवश्यक आहे.

शॉक बसलाच तर

आधी वीज तोडा, मग माणसाला हात लावा. तारेला चिकटलेल्या माणसाला धरणारा दुसरा माणूसही चिकटतो. मेन बंद करा. घरातला कमी दाबाचा पुरवठा असेल आणि मेन सापडतच नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार बाजूला करा. लाइनची किंवा रेल्वेची तार असेल तर जवळही जाऊ नका. आधी पुरवठा बंद करायला लावा.

माणूस बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल तर ११२ किंवा १०८ ला फोन करायला सांगा आणि लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाब द्यायला लागा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. हे तंत्र विजेच्या अपघातांच्या अभ्यासातूनच आले आहे. विजेच्या धक्क्याने थरथरणारे हृदय पूर्ववत कसे करावे, यावर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कूवेनहोवन हे विद्युत अभियंता काम करत होते. इलेक्ट्रोडचे जड पॅडल छातीवर दाबले की नुसत्या त्या दाबानेही रक्तदाब वाढतो, असे त्यांच्या गटाच्या ध्यानात आले. कूवेनहोवन, जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर यांनी १९६० मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. आज शाळेत शिकवतात तो सीपीआर त्यातून आला आहे. ज्यांनी तो अजून शिकलेला नाही, त्यांनी एनसीसीच्या पुढच्या कॅम्पपर्यंत थांबू नये. प्रशिक्षकांना विचारून शिकून घ्यावा. शॉक बसलेला माणूस शुद्धीवर आला, बरा वाटला, तरी त्याला डॉक्टरांकडे न्यावेच.

कॅडेटने घरची वायरिंग करावी असे या लेखाचे म्हणणे नाही. ते काम परवाना असलेल्या वायरमनचे आहे. पण वायरमन घरी आला की त्याच्याजवळ उभे राहून एक प्रश्न मात्र जरूर विचारावा: “काका, हा टेस्टर आधी चालू जागी लावून पाहिला का?” चांगला वायरमन या प्रश्नाने रागावत नाही. तो शेजारच्या खोलीत जातो, चालू सॉकेटमध्ये टेस्टर लावतो, दिवा दाखवतो, आणि मग कामाला बसतो.